साळूने न सांगितलेली गोष्ट

सागाच्या एका दाट जंगलात काटेरी अंगाची एक साळू राहत असे. त्या जंगलात पोरक्या पिल्लांसाठी आणि थकल्याभागल्या जनावरांसाठी ओढ्याकाठी एक निवारा होता. त्याचा कारभार पाच विश्वस्त पाहत, आणि त्यांत साळू सर्वांत जुनी. कोणाला काय पचते, कोणाचा कोणता पाय दुखतो, हे तिला न विचारता ठाऊक असे. तिच्या काट्यांची खुळखुळ ऐकू आली की निवाऱ्यातली आंधळी हरिणी मान वर करून हसायची. साळूला तेवढे दिवसभर पुरे.

मुलांनो, त्या वर्षी विश्वस्तांपैकी म्हातारे सांबर वारले आणि त्याच्या जागी एका खारीला विश्वस्त नेमले. सर्वांनी तिला पळसाच्या पानावर बसवून तिचे स्वागत केले. तिथला रिवाज असा की नव्या विश्वस्ताने पंधरा दिवस जुन्याच्या मागे फिरून काम शिकायचे, मगच ते हाती घ्यायचे. मुख्य विश्वस्त कासव होते. त्याने खारीला साळूच्या स्वाधीन केले. खार मोठी चुणचुणीत. चौथ्या दिवशी तिने गळके छप्पर शाकारले, सहाव्या दिवशी पिल्लांना झाडावर चढायला शिकवले. आठव्या दिवशी साळू नेहमीसारखी खुळखुळत आली, तर हरिणीने मान वर करून विचारले, "खारूताई नाही आली?" साळू हसली खरी, पण तो प्रश्न तिला स्वतःच्याच काट्यासारखा रुतला.

त्यानंतर साळू खारीला सारे दाखवी, पण घाईघाईने. एका कोपऱ्यात कडू कंदांची रास होती. हे कंद चिरून तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात. तसेच खाल्ले तर घसा सुजतो आणि दुबळ्या जिवाचे प्राणही जातात. "आणि हे कंद कसे द्यायचे?" खारीने विचारले. साळूने कंदांकडे पाठ फिरवली. मग म्हणाली, "कंदाचं काय मेलं शिकायचं? फळं संपली की वाटायचे." एकदा हिची फजिती झाली, चार जणांनी तोंडे वाकडी केली, की जुने ते सोने हे सर्वांना कळेल, असे तिने मनाशी धरले. प्राणांचा विचार तिने मनात येऊच दिला नाही.

पंधरा दिवस सरले. थोड्याच दिवसांत फळेही संपली. खारीने कंद काढले तेव्हा साळू करवंदीच्या जाळीआड बसून पाहत होती. हरिणीला दात नव्हते, म्हणून खार सर्वांत आधी तिच्याजवळ गेली आणि कंद कुरतडून बारीक करू लागली. हरिणीने वास घेतला आणि तोंड मागे घेतले. "हे साळूबाईनं पाहिलंय ना?" तिने विचारले. "हो, तिनंच तर दाखवलं," खार म्हणाली. "मग दे बाई. तिनं पाहिलं असलं की मला भीती नाही," असे म्हणून हरिणीने तोंड उघडले.

साळू जाळी तोडून धावली आणि तिने खारीच्या हातातला कंद उडवून दिला. "खाऊ नका. मी हिला पुरतं शिकवलंच नाही," ती धापा टाकत म्हणाली. हरिणी वाचली, पण कुरतडताना खारीच्या तोंडात रस गेला होता. तिची जीभ सुजली आणि ती दोन दिवस निपचित पडून राहिली. साळूने तिच्या उशाशी बसून तिला थेंब थेंब पाणी पाजले. तिसऱ्या दिवशी खार उठून बसली. मग साळूने तिला ओढ्यावर नेऊन कंद कसे चिरायचे, कुठे बुडवायचे, सारे सावकाश दाखवले. खारीने तिला दोष न देता सारे शिकून घेतले. कासवानेही साळूला विश्वस्तपदावरून काढले नाही, ते इतकेच म्हणाले, "साळूबाई, निवारा तुझ्या पश्चातही टिकायला हवा."

साळूचे काम पूर्वीसारखेच चालू राहिले. पण त्या दिवसापासून तिने पुढे केलेला घास तोंडात घेण्यापूर्वी आंधळी हरिणी किंचित थांबू लागली.

तात्पर्य : नव्या सोबत्याची फजिती व्हावी म्हणून जो हातचे राखून शिकवतो, तो दुबळ्यांचा जीव धोक्यात घालतो आणि स्वतःवरचा विश्वास गमावतो.