धनेशाच्या नावाचं दार

त्या राज्यात स्वतः जाऊन काही पाहण्याची रीत उरली नव्हती. मधल्या माळावर एक मोठा आरसा होता आणि दूरदूरची कामं कुठवर आली, ते त्यात रोज सकाळी दिसे. आरशाला स्वतःचे डोळे नव्हते. ढगांच्या डोंगरावर सगळ्यांचं सामाईक कोठार होतं. जो तो आपल्या कामाची खूण तिथे ठेवी. पहाटे साळुंकी कोठारात जाऊन खुणा पाही आणि आरशाच्या कानात सांगे. ती सांगेल तसं आरसा दाखवी.

पाणमांजरीचा सगळा जीव बांधात होता, कारण तिची पिल्लं बांधाखालच्या बिळात होती. बांध राखायला कासव होतं. ते बांधाच्या मातीचा गोळा मुंग्यांबरोबर रोज कोठारात पाठवी. माती कोरडी, म्हणजे बांध धड. आरशात कोरडा बांध दिसला, की ही निश्चिंत मनानं मासे धरायला जाई.

एका सकाळी आरशात बांधाजवळची काटेसावर लालभडक फुललेली दिसली. पाणमांजर थबकली. तिच्या अंगावर तर त्याच सावरीचा कापूस चिकटला होता, म्हणजे फुलं केव्हाच झडून गेली होती.

आरसा जुनंच दाखवतोय, असं तिनं सांगताच राज्यातल्या शहाण्यांनी आधी आरसा पुसला. मग त्याचं तोंड पूर्वेला फिरवलं. शेवटी साळुंकीला हुकूम झाला, की यापुढे दिवसभर खेपा घालायच्या. बिचारी धापा टाकत येई आणि तेच ते सांगे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार.

पाणमांजरीनं तिला बाजूला घेतलं. "खरं सांग, तू आत जातेस ना गं?"

साळुंकीनं मान खाली घातली. "दार उघडत नाही. इकडे सगळे वाट बघत असतात. रिकाम्या चोचीनं कशी येऊ? म्हणून शेवटचं पाहिलेलं सांगत राहिले. तेव्हा ते खरं होतं."

पाणमांजरीला रागच यायला हवा होता. आली ती माया. एवढासा जीव, रोज बंद दारावरून परत यायचा आणि कुणाला बोलायचा नाही. "चल, मी येते," ती म्हणाली.

कोठाराच्या दाराशी साळिंदर बसलं होतं. "कोणाच्या नावानं?"

"धनेशाच्या," साळुंकी सवयीनं म्हणाली. तिला पहिल्यांदा इथे आणलं ते धनेश पक्ष्यानं, आणि माझं नाव सांगत जा, असंही त्यानंच शिकवलं होतं.

"धनेश हे रान सोडून गेला. त्याच्या नावाचं दार त्याच्यामागे बंद झालं."

"पण तुम्ही मला ओळखता."

"ओळखतो की, पोरी. पण आत सोडायचं तर ज्याची खूण आत आहे अशा कुणीतरी तुझं नाव सांगायला हवं. ते कुणी सांगितलंच नाही."

"मी सांगते," पाणमांजर म्हणाली. "आत आमच्या बांधाची माती आहे. ही साळुंकी आमची. हिला हिच्याच नावानं येऊ द्या."

साळिंदरानं काटे मिटले आणि दार उघडलं. इतकं सोपं होतं ते.

बांधाच्या कोनाड्यात मातीचे गोळे एकावर एक साचले होते. खालचे कोरडे, मधले ओलसर. अगदी वरच्यातून पाणी ठिबकत होतं. "हे कसं सांगू?" साळुंकी म्हणाली.

"आहे तसं सांग," एवढं बोलून पाणमांजर उतारावरून धावत सुटली.

माळावर आरसा ओला दिसू लागला. एक शहाणा फडकं घेऊन पुढे झाला, पण बाकीचे तोवर बांधाकडे पळाले होते.

पाणमांजरीनं पिल्लं बाहेर काढून उंचावर ठेवली. त्यांची पोटं चिखलानं माखली होती, पण सगळी हलत होती. मग ती वर चढली. बांधाला भगदाड पडलं होतं आणि त्यात कासव पाठ रोवून बसलं होतं. किती दिवस, कोण जाणे. त्याच्या कवचाच्या कडेनं पाणी झिरपत होतं.

पावलं ऐकून त्यानं मान थोडी बाहेर काढली. "निरोप रोज मिळत होता ना? म्हटलं, पोचतोय, म्हणजे येतील कुणीतरी."



"आज मिळाला," पाणमांजर म्हणाली, आणि त्याच्या कवचाशेजारी तिनं आपली पाठ लावली.