झाडूचा अर्ज

विषय : जुन्या झाडूस मोडीत न काढता साहेबांच्या हाती सोपवण्याबाबत.

एके काळी पश्चिमेकडच्या एका थंड गावात ऑस्करसाहेब आपल्या बायकोच्या, मार्गिटबाईंच्या, दर वाढदिवसाला घरकामाचे एक नवे यंत्र आणीत. त्या वर्षी केर ओढणारे यंत्र आले आणि जुना झाडू सोमवारच्या कचरागाडीत घालायचे ठरले.

"आता बाईंचे कष्ट संपले, आजोबा," यंत्र म्हणाले.

"तुला फिरवणार कोण?" झाडूने विचारले.

"बाई."

"आणि तुझी पिशवी झटकणार?"

"बाईच."

"मग साहेबांनी काय केलं?"

"मला फीत बांधली! गुलाबी!"

"मी फितीशिवाय आलो आणि वीस वर्षं या घराचा कोपरान्‌कोपरा झाडला," झाडू म्हणाला. "जायचंच असेल, तर एकदा साहेबांच्या हातून झाडून जाईन."

त्याने तसा अर्ज फ्रिजच्या दारावर लावला. साहेबांनी तो वाचून शेरा मारला, 'बाईंच्या अभिप्रायासाठी.' बाईंनी खाली लिहिले, 'शिफारस आहे. कार्यवाही साहेबांनी करावी.'

सोमवार उलटून गेला. निर्णय होईपर्यंत अर्जदाराला हलवता येत नाही, म्हणून झाडू दारामागे ताठ उभा आहे. अर्ज साहेबांकडे प्रलंबित आहे.