चारशेच्या पुढचा आकडा

सबस्टेशनच्या कुंपणाला अजून गंज चढला नव्हता, तेव्हाची गोष्ट. थोरल्या ट्रान्सफॉर्मरचा भार मोजून मीटरला सांगायला दोन 'सीटी', म्हणजे छोट्या करंट ट्रान्सफॉर्मर, आल्या. बसवायची एकच होती. मोठी म्हणाली, "दादा, मी आठशे अँपिअरपर्यंत खरं सांगेन." आठशे ऐकूनच ट्रान्सफॉर्मरला धडकी भरली. त्याने धाकटी निवडली. ती चारशेच्या वर कधी बोलतच नसे.

वैशाखात गावातले पंप आणि गिरण्या एकदम सुरू झाल्या. ट्रान्सफॉर्मरचं तेल तापलं, अंग थरथरू लागलं. ऑपरेटर गुंजाळांनी मीटर पाहिला. "चारशेच आहे, चालू द्या."

"अगं, खरा आकडा सांग त्यांना!" ट्रान्सफॉर्मर ओरडला.

धाकटी रडवेली झाली. "दादा, मला चारशेच्या पुढचं मोजताच येत नाही. म्हणूनच तर तुम्ही मला निवडलंत ना?"