विरघळलेला वर्ख

“गेला कुठे?” भालचंद्र महाराजांनी विचारलं.

सुनेत्राच्या हातातल्या बाटलीत आता नुसतं पाणी होतं. मघाशी त्यात सोन्याच्या वर्खाचा नखाएवढा तुकडा तरंगत होता. ती बाटली हलवत राहिली, बोलत राहिली, आणि बोलता बोलता वर्ख झिरझिरीत झाला. मग दिसेनासा झाला.

“कुठे गेला नाही, सर. पाण्यातच आहे. दिसत नाही एवढंच.”

“देवाबद्दल मी लोकांना हेच सांगतो,” महाराज म्हणाले. “पुरावा मागत नाहीत म्हणून निभतं.”

“मी पुरावा देते. जस्ताची पूड टाकली की सोनं परत खाली बसतं.”

“मग तुझा देव माझ्यापेक्षा बरा.”

पलीकडे चिंच कोळत बसलेली, गावातून मठात कामाला येणारी गजराबाई पदर तोंडाला लावून हसली.

पांगरमाळचं सगळं गाव त्यांना महाराज म्हणायचं. सुनेत्रा सर म्हणायची. कॉलेजात रसायनशास्त्र त्यांनीच तिला शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते या टेकडीवरच्या मठात येऊन राहिले, आणि आधीचे महाराज गेल्यावर गादी त्यांच्याकडे आली. त्यांनी ती मागितली नव्हती. नाकारलीही नव्हती.

मठाच्या कोठीघरात तिघं बसले होते. चौथी जुई, सुनेत्राची मुलगी, गोधडीवर झोपली होती. अजून रांगायला लागली नव्हती. तिला सर्दी होती म्हणून सुनेत्राने आल्या आल्या खिडकी लावून घेतली होती, आणि थोड्या वेळाने दारही.

“वारं लागतंय व्हय लेकराला,” गजराबाई दार लोटताना म्हणाली होती. “कंपनीच्या गाडीत थंड हवेची मशीन लावून आलात, तवा न्हाई लागलं?”

तान्ह्या मुलीसोबत सायनाइडची बाटली घेऊन कोणी फिरतं का, असं विचारलं असतं तर सुनेत्राकडे उत्तर तयार होतं. पाळणाघराला सुट्टी होती. बाटलीला दुहेरी बूच होतं. बाटली पत्र्याच्या डब्यात होती, डबा गाडीच्या डिकीत होता, आणि जुई पुढे तिच्या मांडीवर होती. तिने सगळा विचार केला होता.

“काम सांग,” महाराज म्हणाले.

“उद्याच्या सभेचंच, सर.”

गावाच्या वर, जुन्या बंद खाणीपाशी, दळलेल्या दगडाचा एक राखाडी डोंगर पडून होता. पूर्वीच्या लोकांनी सोनं काढून फेकलेली ती माती. त्यांना जमलं नाही ते सोनं अजून तिच्यात होतं, डोळ्यांना न दिसणारं. सुनेत्राची कंपनी ते काढणार होती. त्यासाठी डोंगराच्या उतारावर सायनाइडच्या पाण्याचं तळं हवं होतं. तळ्याची सगळी आखणी सुनेत्राची होती. उताराच्या खाली गावाची घरं होती, आणि गावाने हो म्हटल्याशिवाय एक फावडंही चालणार नव्हतं.

“गावाला समजावलंस?”

“कितीदा. नकाशे दाखवले, तळ्याचं अस्तर हातात दिलं. सरपंच अस्तर चाचपून म्हणाले, ताडपत्री बरी आहे, कांद्यावर टाकायला द्याल का.”

“आणि?”

“आणि शेवटी सगळे एकच म्हणाले. महाराज भंडारा उधळतील तर आम्ही तयार.”

पांगरमाळची ती रीत होती. महाराजांनी ज्या कामावर भंडारा उधळला ते काम ठरलं. त्या पिवळ्या हळदीनंतर कोणी चर्चा करत नसे.

“म्हणजे तुला माझी मूठभर हळद हवी.”

“तुमचा एक शब्द हवा, सर. उद्या नाही मिळाला तर हे काम गेलं. माझ्या हातून तर नक्कीच गेलं.”

महाराजांनी समोरचं तांब्याचं मोठं घंगाळ जवळ ओढलं. उद्या मठात अभिषेक होता, आणि तांब्याची भांडी महाराज स्वतः घासायचे. गजराबाईने कोळलेली चिंच त्यात ओतली. मीठ टाकलं. महाराजांनी हात घातला आणि तांबं उजळत गेलं.

“मग परीक्षा देऊन टाक,” ते म्हणाले. “तोंडी.”

सुनेत्रा सावरून बसली. तिला हसू आलं. तोंडी परीक्षेत ती कधी अडली नव्हती.

“सोनं हवेशी बोलत नाही. पाण्याशी नाही. साध्या आम्लाला दाद देत नाही. मग या विषापुढेच का विरघळतं?”

“नुसत्या विषाने नाही विरघळत, सर. हवा लागते. पाण्यातला प्राणवायू सोन्याचा एक कण सुटा करतो, आणि तो परत जागेवर बसायच्या आत सायनाइड त्याला धरतं. दोन्ही बाजूंनी. एक इकडून, एक तिकडून.”

“पोलीस धरतात तसं.”

“तसंच.”

“पाण्यात विष किती?”

“अगदी थोडं. या बाटलीत मुद्दाम जास्त घेतलंय, वर्ख लवकर जावा म्हणून. तळ्यात याच्या मानाने काहीच नसेल.”

“आणि चुना कशाला?”

“राखणीला.” हे उत्तर तिचं आवडतं होतं. गावातही तिने ते असंच दिलं होतं. “चुन्यामुळे पाणी अल्कधर्मी राहतं. तसं असलं की विष पाण्यात बसून राहतं, कामाला लागतं. पाणी आंबट झालं की तेच विष वायू होऊन वर निघतं.”

“निघालं तर?”

“मोकळ्यावर असेल तर पळायला वेळ मिळेल कदाचित. बंद खोलीत एक-दोन श्वास.”

“पुढे?”

“पुढे कोणी नसतं, सर.”

गजराबाईचा हात थांबला. “आन् ह्ये तुमी आमच्या डोक्यावर ठेवणार?”

“चुना असतो ना, गजराबाई. चुना असला की काही होत नाही.”

“पानाला लावतो त्योच?”

“तोच.”

“मग आमच्या म्हातारीला बसवा राखणीला. दिवसभर तळहातावर चुनाच मळत अस्ती.”

सुनेत्राही हसली. महाराज हसले नाहीत. ते घंगाळ फिरवत होते.

“पाणी आंबट झालंय की नाही, हे कोण बघतं?”

“यंत्र. सतत मोजत असतं.”

“यंत्राकडे कोण बघतं?”

“माणूस ठेवणार आहोत.”

“त्याला कोण सांगतं काय करायचं?”

“मी.”

“आणि तुला?”

सुनेत्राने बाटली खाली ठेवली. गोधडी जरा वर ओढली, जुईचं कपाळ उलट्या हाताने बघितलं. ताप नव्हता. मघाशीही नव्हता.

“मला सांगणारं आता कोणी राहिलं नाही, सर,” ती म्हणाली. आवाजात थोडा अभिमान होता, तो तिने लपवला नाही. “तुम्ही सोडून.”



चिंचेचा आंबूस वास कोठीघरात भरला होता. बाहेर कोणीतरी मांडवाचे बांबू ठोकत होतं.

“उत्तरं सगळी बरोबर,” ते म्हणाले. “कॉलेजातही असायची.”

“मग भंडारा?”

“थांब. डोळे गेले माझे. त्या अरुंद बाटलीत मला काही दिसलं नाही. वर्ख पाण्यातच आहे म्हणालीस, मी हो म्हटलं.” त्यांनी घंगाळ दोघांच्या मधे सरकवलं. जुईच्या पायांना त्याचा काठ लागला. “या मोठ्या भांड्यात सोनं खाली बसवून दाखव.”

मग ते म्हणाले, “ओत.”

प्रॅक्टिकलच्या तासाला ते असंच म्हणायचे. एकच शब्द, वर न बघता. सगळ्या वर्गाचे हात एकदम हलायचे. ज्यांचा हात हलायचा नाही त्यांचा प्रयोग चुकायचा, असं सगळे मानायचे.

सुनेत्राने वरचं बूच काढलं.

आतलं बूच काढलं.

घंगाळावर वाकून तिने बाटली तिरकी केली.

महाराजांनी एका हाताने तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने घंगाळ मागे ओढलं, इतक्या जोरात की ते भिंतीवर आपटलं आणि तपकिरी पाणी जमिनीवर पसरलं.

आवाजाने जुई दचकून रडायला लागली.



बाटलीच्या काठाशी एक थेंब आला होता. पडला नव्हता. सुनेत्रा त्याच्याकडे बघत होती. मग तिने जमिनीवरचं पाणी बघितलं. चिंचेचे दोरे, चिंचोका, मीठ. मग बंद खिडकी. मग दार, जे तिने लावायला सांगितलं होतं. मग जुई.

तिने बाटली सरळ केली. आतलं बूच लावलं. वरचं बूच दुसऱ्या प्रयत्नात बसलं. गजराबाईने तोवर दार सताड उघडलं होतं आणि जुईला उचलून बाहेर नेलं होतं. तिला नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं. महाराजांचा चेहरा तिने बघितला होता, तेवढं पुरलं.

सुनेत्रा बाटली गाडीतल्या डब्यात ठेवून आली. नळावर हात धुतले. पुन्हा धुतले. परत आली तेव्हा महाराज तिथेच बसले होते.

“मी आत्ताच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “आंबट झालं की… माझ्याच तोंडाने सांगितलं होतं.”

“हो. पैकीच्या पैकी गुण.”

“जुई इथे होती, सर.”

“होती.”

“तुम्ही माझ्या मुलीला शेजारी ठेवून मला ओत म्हणालात.” तिचा आवाज चढला नाही. खाली गेला. “मी तुम्हाला सर म्हणते. तुमच्या पायाशी तिला झोपवलं. बाहेरचं कोणी असतं तर मी पोलिसांत गेले असते.”

“जायला हवं.”

“असं बोलू नका. असं शांतपणे बोलू नका.”

महाराजांनी उजवा हात तिच्या मनगटाजवळ आणून दाखवला.

“हात तुझ्या मनगटाजवळ ठेवूनच मी म्हणालो,” ते म्हणाले. “पण धरावं लागेल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं तू हसशील. म्हणशील, सर, म्हातारे झालात, घंगाळात चिंच आहे.”

“मला दिसली नाही.”

“तुझ्या समोर कोळली.”

“दिसली होती. पण…”

“पण?”

तिने उत्तर शोधलं. आजवर तोंडी परीक्षेत तिला उत्तर शोधावं लागलं नव्हतं.

“तुम्ही ओत म्हणालात.”

महाराजांनी मान खाली घातली.

गजराबाई दारात आली. जुई तिच्या खांद्यावर हुंदके देत शांत होत होती. सुनेत्राने हात पुढे केले, पण गजराबाईने लगेच पोर दिलं नाही. आधी तिच्याकडे नीट बघितलं.

“बसा आदी,” ती म्हणाली. “लेकरू पाडाल.”

सुनेत्रा ओल्या जमिनीवरच बसली. मग जुई तिच्या मांडीवर आली. मुलीच्या केसांना गजराबाईच्या पदराचा, चिंचेचा वास लागला होता. सुनेत्राने तो हुंगला.

“गजरा,” महाराजांनी विचारलं, “उद्या मी तळ्यावर भंडारा उधळला तर तू काय करशील?”

“काय करायचंय? भंडारा कपाळी लावायचा.”

“ही बाई आत्ता काय म्हणाली ते ऐकलंस ना? बंद खोलीत एक-दोन श्वास.”

“ऐकलं की.”

“मग मला काही विचारणार नाहीस?”

गजराबाईला प्रश्नच कळला नाही. “तुमास्नी काय इचारायचं, म्हाराज?” ती म्हणाली, आणि सांडलेलं पाणी पुसायला फडकं आणायला गेली.

ती गेली त्या दिशेला सुनेत्रा बघत राहिली.

मांडवाचं ठोकणं थांबलं होतं. उद्या सभेला त्याच मांडवात सगळं पांगरमाळ बसणार होतं. पुढे बायका, त्यांच्या मांडीवर मुलं.

“तुम्ही उधळणार नाही,” सुनेत्रा म्हणाली.

महाराज बोटांना लागलेली चिंच पुसत होते.

“नाही म्हणालात तरी तेच होईल, सर. का नाही, ते कोणी विचारणार नाही. तुम्ही नाही म्हणालात म्हणून नाही.”

“तेही खरं.”

“मग सभेला तुम्ही काय सांगणार?”

“मी सभेला येणार नाही. तू जायचंस.”

“मी?” तिने जुईला घट्ट धरलं. “माझं कोण ऐकतं? आणि मी काय सांगू त्यांना? अस्तर सांगू? चुना सांगू? ते सगळं सांगून झालंय.”

महाराजांनी भिंतीशी कलंडलेलं घंगाळ उचललं. आपटल्या जागी त्याला पोचा पडला होता. ते त्यांनी तिच्या पुढ्यात, जुईपासून लांब, ठेवलं.

“सांग, महाराज ओत म्हणाले. आणि तू ओतत होतीस.”