सदाशिवाने पुसलेली यादी

घाटाखालच्या एका बाजारगावात सदाशिव होडावडेकर नावाचा गृहस्थ संगणक दुरुस्त करून पोट भरत असे. दुकान एवढंसं, पण नाव मोठं. माउसला हात न लावता तो पडद्यावर आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडायचा, दोन-चार आज्ञा टाइप करायचा आणि रखडलेलं यंत्र पुन्हा चालू लागायचं. आपली विद्या मुठीत ठेवणारा तो नव्हता. नेट बंद पडलं तर कोणती ओळ लिहायची, डिस्क कशी तपासायची, हे तो गिऱ्हाइकांना कागदावर लिहून द्यायचा. त्यातली एक सूचना लाल शाईत असे. काळ्या खिडकीतून पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, म्हणून काय काय पुसलं जाणार त्याची यादी आधी मागवा, ती वाचा आणि मगच पुसा.

त्याच गावात परुळेकर सिस्टर राहत. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. आसपासच्या त्रेचाळीस गावांत कोणाचा रक्तगट काय, कोणी शेवटचं रक्त कधी दिलं, हे त्या घरोघर हिंडून विचारत आणि संगणकावर नोंदवत. प्रत्येक गावाची एक फाइल. एखाद्या बाळंतिणीला रक्त लागलं की दवाखान्यातून सिस्टरांना फोन येई, आणि त्या तिथल्या तिथे चार नावं सांगत.

एके सकाळी त्यांनी सदाशिवाला घरी बोलावलं. डिस्क भरली होती, संगणक जागचा हलेना. रक्तदान शिबिरांच्या फोटोंची दुसरी प्रत एका वेगळ्या फोल्डरमध्ये साठलीय, तेवढी काढून टाक, असं सांगून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

काम पाच मिनिटांचं होतं. सदाशिवाने त्या फोल्डरमध्ये शिरायची आज्ञा लिहिली, पण नावात एक अक्षर चुकलं. असा फोल्डर सापडत नाही, असं खिडकीने एका ओळीत सांगितलं. त्याने ती ओळ वाचलीच नाही. इतरांना लाल शाईत बजावलेली यादी त्याने स्वतः मागवली नाही. सगळं पुसा, अशी आज्ञा दिली. नक्की ना, असं संगणकाने विचारलं, तेव्हा त्याने सवयीने हो म्हटलं.

फोटो होते तिथेच राहिले. खिडकी अजून सिस्टरांच्या याद्यांच्या फोल्डरमध्येच होती, म्हणून गेल्या त्या गावांच्या फायली, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.

सदाशिवाने सगळे फोल्डर धुंडाळले. दुसरी प्रत कुठेच नव्हती. सिस्टरांच्या जुन्या वह्या, सगळं संगणकावर उतरवून झाल्यावर, रद्दीत गेल्या होत्या. त्याच क्षणी त्याला एक पळवाटही दिसली. डिस्क सात वर्षांची होती, कुरकुरत होती, आणि ती कधीही दगा देईल असं त्यानेच मागे सिस्टरांना सांगितलं होतं. आज ती गेली म्हटलं असतं तर कोणी शंका घेतली नसती.

सिस्टर चहा घेऊन आल्या. त्यांच्या हातात कालच्या शिबिरातल्या नव्या नावांचा कागद होता. "झालं ना? मग ऊठ बघू, एवढी नावं चढवून टाकते," त्या म्हणाल्या.

सदाशिव उठेना. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी धरली जाते, आणि नवं काही लिहिलं की ते त्याच जागेवर जाऊन बसू शकतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. सिस्टरांनी आता एक नाव जरी लिहिलं तरी एखादं गाव कायमचं जाण्याचा धोका होता. आणि लिहू नका म्हणायचं तर का, ते सांगावं लागणार होतं.

त्याने हात पुढे करून संगणकाची वायरच उपटली.

"सिस्टर, तुमची सगळी यादी माझ्या हातून पुसली गेली," तो म्हणाला. "डिस्कचा दोष नाही. मी न बघता पुसलं."

सिस्टर खुर्चीवर बसल्या. हातातला कागद त्यांनी घडी करून बाजूला ठेवला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "परत येईल?"

"थोडी येईल. किती, ते मला सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली आणि चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

सदाशिवाने डिस्क काढून दुकानात नेली. ती आपल्या संगणकाला दुसरी डिस्क म्हणून जोडली, आणि पुसलेल्या फायली हुडकणारी आज्ञा चालवली. सिस्टरांच्या डिस्कवर काहीही लिहिलं जाणार नाही, याची काळजी घेतली. या वेळी प्रत्येक ओळ त्याने दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणचाळीस गावं परत आली. चार आली नाहीत.

परत आलेली गावं त्याने नव्या डिस्कवर चढवली. रोज त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आपोआप उतरेल अशी आज्ञाही बसवून दिली. मग सिस्टरांना म्हणाला, "राहिलेल्या चार गावांत मी येतो तुमच्याबरोबर."

पुढचे चार रविवार दोघं हिंडली. सिस्टर विचारत, सदाशिव लिहून घेई. शेवटचं गाव आंबेखोल. तिथले राऊळ मास्तर जरा चिडक्या स्वभावाचे. आपलं नाव आधी दिलेलं असताना पुन्हा कशाला विचारता, असं त्यांनी दारातच विचारलं.

सिस्टरांनी सदाशिवाकडे पाहिलं आणि त्याला सांभाळून घेत म्हणाल्या, "अहो, संगणक बिघडला होता."

"संगणक चांगला होता," सदाशिव म्हणाला. "यादी माझ्या हातून पुसली गेली. म्हणून पुन्हा विचारत फिरतोय."

मास्तरांनी त्याला खालून वर न्याहाळलं. मग आपला रक्तगट सांगितला, घरातल्या इतरांचेही सांगितले, आणि दोघांना आत बसायला सतरंजी टाकली.

"आमच्या शाळेचे संगणक दोन वर्षं बंद आहेत," ते सदाशिवाला म्हणाले. "मुलांचे सगळे दाखले त्यात आहेत, म्हणून कोणाच्या हाती द्यायला मन होत नव्हतं. उद्या सकाळी याल?"

तात्पर्य: जाणत्या माणसाच्या हातूनही चूक होते, ती त्याच घडीला कबूल केली तर निस्तरायला वाव राहतो, आणि माणसांचा विश्वासही टिकतो.