पुढच्या चाकाचा हट्ट

चाकं बोलत असत त्या काळी हिंदुराव मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी एक दांडगी मोटार बांधली. मागे रुंद टायर बसवले, पुढे अरुंद.

पुढचं चाक जळफळलं. "मागच्याचा एवढा थाट, आणि मी काय सावत्र?" त्याने इतकी कुरकुर केली, की मिस्त्रींनी वैतागून पुढेही रुंद टायर चढवले.

चाक तोऱ्यात निघालं. पहिल्याच वळणावर रुंद टायर चाकावरच्या पत्र्याला घासून अडकला, चाक वळेना, आणि मोटार सरळ उसाच्या फडात घुसली.

चिखलात रुतलेलं पुढचं चाक म्हणालं, "हस आता मला."

"हसू कशाला?" मागचं चाक म्हणालं. "मला तर जन्मात कधी वळताच आलं नाही. रोज तुला वळताना बघून माझाही जीव जळायचा."