ठकू परटीण आणि साहेबाचा ओके

महाराजांनी मला दोन दिवसांची मुदत दिली होती. ‘ओके’ या इंग्रजी शब्दाचं एकच खरं स्पेलिंग आणि एकच खरा अर्थ शोधून आणायचा, नाहीतर इंग्रजी कारकुनाची जागा सोडायची. ही जागा मला मिळाली ती तीनदा मॅट्रिक नापास झाल्यामुळे. आमच्या संस्थानात इतकं इंग्रजी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावरून गेलेलं नव्हतं.

घोळ घातला होता संस्थानावर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रज साहेबाच्या पत्रांनी. एकात दोन अक्षरं आणि मध्ये टिंबं, दुसऱ्यात टिंबं गायब, तिसऱ्यात तोच शब्द चार अक्षरी. पूल मंजूर, तर ओके. जेवण जेमतेम बरं, तरी ओके. आता पुरे, निघा, तेही ओकेच! असला बेशिस्त शब्द आपल्या राज्यात चालणार नाही, असं महाराजांनी बजावलं. मी दोन दिवस डिक्शनरी उलटीपालटी केली आणि शेवटी बायकोला ‘आम्ही राहायला येतोय’ असं माहेरी पत्र लिहायला सांगितलं.

तेवढ्यात कपडे न्यायला ठकू परटीण आली. माझं रडगाणं ऐकून म्हणाली, पंत, मला महाराजांपुढे न्या. बुडत्याला काय, मी नेलं.

दरबारात तिनं आपल्याकडे धुवायला आलेले महाराजांचे तीन शेले पसरले. कपडे ओळखू यावेत म्हणून प्रत्येक परीट कोपऱ्यात बिब्ब्यानं आपली खूण करतो. एकावर दोन रेघा होत्या, दुसऱ्यावर टिंब, तिसऱ्यावर फुली.

“सरकार, यातला तुमचा कंचा?”

“तिन्ही माझेच.”

“पर खुना तर येगळ्या हायत.”

“अगं, एक इथे धुतला, एक पुण्याला, एक महाबळेश्वरी. परीट बदलला म्हणून शेला परका होतो का?”

मग तिनं शेल्याचं एकच खरं काम विचारलं. महाराज सांगू लागले: दरबारात खांद्यावर, शिकारीत घाम पुसायला, बागेत अंथरायला… यादी संपेना.

“कवा काय करायचं ते कोन ठरवतं, सरकार?”

“ज्याच्या हाती शेला, तो.”

“मग सायबाच्या हातातल्या सबदापायी आमच्या पंतांची भाकर का काढताय?”

महाराज पोट धरधरून हसले. माझी नोकरी राहिली. तिन्ही शेले ठकूला बक्षीस मिळाले, वर आणखी काय हवं तेही महाराजांनी विचारलं.

माझ्याकडे बघत ती म्हणाली, “पंतांना एक सदरा द्या, सरकार. चार वर्सं योकच धुतीया. आता त्यात माझी खूनच तेवढी उरलीया.”